नाकावाटे औषध : परिचारिकेच्या हातातील एक दुर्लक्षित कौशल्य

रुग्णाच्या शरीरात औषध पोहोचवण्यासाठी वैद्यकाने ज्या वाटा वापरल्या, त्यांत तोंड, शीर, स्नायू आणि त्वचा यांच्या जोडीला नाक ही वाट फार जुनी आहे. तरीही परिचर्येच्या शिक्षणात तिला मिळालेली जागा तिच्या महत्त्वाच्या मानाने तोकडीच राहिली आहे. इंजेक्शन देताना सुई त्वचेशी किती अंशांचा कोन करून आत जावी, हे जी.एन.एम.च्या पहिल्या वर्षाच्या विद्यार्थिनीलाही तोंडपाठ असते. स्प्रेचे टोक नाकपुडीत कोणत्या दिशेला धरावे असे तिला विचारले, तर बहुधा ‘वर’ असे उत्तर येते, आणि ते उत्तर चुकीचे आहे. नाकात थेंब सोडणे हे घरातली कोणीही व्यक्ती करू शकेल असे काम मानले गेल्यामुळे ते शिकवण्याची गरज फारशी कोणाला वाटली नाही. आज मात्र फिट थांबवण्यापासून लस देण्यापर्यंतची कामे याच वाटेने होऊ लागली आहेत, आणि ही वाट सोपी दिसते म्हणूनच ती काळजीपूर्वक शिकवली गेली पाहिजे, हे या विवेचनाचे मुख्य प्रतिपादन आहे.

नाकाच्या वाटेची ओळख मराठी समाजाला नवी नाही. आयुर्वेदातील पंचकर्मांपैकी नस्य हे कर्म म्हणजे औषधी तेल, रस किंवा चूर्ण नाकावाटे देण्याची पद्धत होय, आणि तिच्यात मात्रेनुसार मर्श व प्रतिमर्श असे भेद केलेले आहेत. या कर्माच्या वर्णनात केवळ औषधाचे नाव सांगून ग्रंथकार थांबत नाहीत. रुग्णाला कसे निजवावे, डोके किती खाली असावे, चेहऱ्याला आधी शेक कसा द्यावा आणि घशात उतरलेले औषध गिळू न देता थुंकायला कसे सांगावे, हेही ते सांगतात, आणि आजच्या परिचर्येच्या भाषेत ज्याला कार्यपद्धती म्हणतात तिचे हे स्पष्ट पूर्वरूप आहे. तपकीर ओढणाऱ्या माणसाला चिमूटभर भुकटीने क्षणात तरतरी येते, हा अनुभवही गावोगाव परिचयाचा आहे. तंबाखूतील निकोटीन नाकाच्या अस्तरातून थेट रक्तात उतरते, हे त्यामागचे कारण. ज्या गुणधर्मामुळे तपकिरीचे व्यसन लागते, त्याच गुणधर्माचा उपयोग औषधासाठी करता येतो.

हा गुणधर्म समजून घेण्यासाठी नाकाची आतली रचना डोळ्यांपुढे असणे आवश्यक आहे. बाहेरून दिसणारे नाक वर कपाळाकडे जात असले, तरी नाकपुडीतून आत गेलेली पोकळी वर न जाता जवळजवळ आडवी, मागे घशाच्या दिशेने जाते. नाकपुडीपासून साधारण दीड सेंटीमीटर आत सर्वांत अरुंद जागा आहे, आणि तिच्या पलीकडे बाहेरच्या भिंतीवर शिंपल्यासारख्या वळलेल्या हाडांच्या तीन पाळ्या एकाखाली एक असतात. या पाळ्यांमुळे, दोन्ही बाजू मिळून जेमतेम १५ मि.ली. मावेल एवढ्या पोकळीत अस्तराचा पृष्ठभाग मात्र सुमारे १५० चौरस सेंटीमीटर भरतो. अस्तराखाली रक्तवाहिन्यांचे दाट जाळे आहे. नाकाच्या दोन भागांमधल्या पडद्याच्या पुढच्या टोकाला तर हे जाळे इतके वरवर आहे, की मुलांच्या नाकातून येणारे रक्त बहुतेक वेळा तिथूनच येते. अस्तरावर सूक्ष्म केसांसारखे तंतू असतात; ते वरचा चिकट स्राव सतत मागे घशाकडे ढकलत राहतात आणि त्यावर बसलेली कोणतीही वस्तू साधारण पंधरा-वीस मिनिटांत घशात नेऊन टाकतात. नाकात सोडलेल्या औषधाला शोषले जाण्यासाठी मिळणारा वेळ तेवढाच असतो.

एवढ्या वेळात जे औषध अस्तरातून रक्तात उतरते, त्याला यकृतातून जावे लागत नाही. तोंडावाटे घेतलेले औषध आतड्यातून प्रथम यकृताकडे जाते, आणि तिथे त्याचा काही भाग, कधी कधी मोठा भाग, शरीरभर पोहोचण्याआधीच निकामी होतो. मिडाझोलॅम हे फिट थांबवणारे औषध तोंडावाटे दिले, तर त्याच्या मात्रेचा निम्म्याहून कमी भाग रक्ताभिसरणात उपयोगी पडतो. नाकावाटे दिलेल्या मात्रेचा बराच मोठा भाग तिथे पोहोचतो आणि काही मिनिटांत परिणाम दिसू लागतो. अर्थात प्रत्येक औषध या वाटेने जात नाही. रेणू लहान असावा लागतो, औषध अस्तराला सोसवावे लागते, आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे पूर्ण मात्रा फार थोड्या द्रवात मावावी लागते. एका नाकपुडीला ०.२ ते ०.३ मि.ली. द्रव उत्तम, अर्धा मि.ली. ठीक, आणि १ मि.ली. ही कमाल मर्यादा. त्याहून अधिक द्रव घशात ओघळतो आणि नाकावाटे दिलेले औषध प्रत्यक्षात पोटात जाते. दोन्ही नाकपुड्यांत मात्रा निम्मी-निम्मी वाटायची ती याच कारणासाठी.

द्रवाच्या थेंबांचा आकारही इथे निर्णायक ठरतो. ड्रॉपरचा मोठा थेंब अस्तरावरून घसरून मागे जातो. उलट १० मायक्रॉनहून लहान तुषार श्वासाबरोबर फुप्फुसांत निघून जातात. या दोहोंच्या मधले, साधारण ३० ते १०० मायक्रॉनचे तुषार नाकातच बसतात. सिरिंजच्या टोकाला बसवायचे जे छोटे शंकूच्या आकाराचे साधन अ‍ॅटोमायझर या नावाने मिळते, ते द्रवाचे असेच तुषार करते, आणि त्याची स्पंजसारखी कड नाकपुडी बंद करून औषध बाहेर येऊ देत नाही.

विद्यार्थिनीच्या मनात एक भेद आरंभीच पक्का व्हायला हवा. काही औषधे नाकात दिली जातात ती नाकासाठीच: अ‍ॅलर्जीवरचे स्टेरॉइडचे स्प्रे, बंद नाक मोकळे करणारे थेंब, सलाइनचे थेंब. दुसरी औषधे नाकात दिली जातात, पण त्यांचे काम मेंदूवर, रक्तातील साखरेवर किंवा श्वासावर व्हायचे असते. पहिल्या गटात चूक झाली तर बहुधा गुण उशिरा येतो. दुसऱ्या गटात चूक झाली तर जीव धोक्यात येतो. तरीही पहिला गट निरुपद्रवी मानता येत नाही. नाक मोकळे करणारे झायलोमेटाझोलिन प्रौढांसाठी ०.१ टक्का आणि मुलांसाठी ०.०५ टक्का अशा दोन तीव्रतांत मिळते. प्रौढांची बाटली तान्ह्या बाळासाठी वापरली गेली, तर बाळ सुस्त होणे, नाडी मंदावणे, श्वास मंदावणे इथपर्यंत मजल जाऊ शकते. शिवाय असे थेंब तीन ते पाच दिवसांहून अधिक चालू ठेवले, तर औषध उतरताच नाक पूर्वीपेक्षा अधिक चोंदते आणि रुग्ण त्या बाटलीचा बांधील होऊन बसतो. ही सूचना चिठ्ठीवर क्वचितच लिहिलेली असते, म्हणून ती परिचारिकेच्या तोंडून रुग्णापर्यंत पोहोचावी लागते.

स्प्रे देण्याची रीत थोडक्यात सांगता येते, पण हातात बसायला वेळ लागतो. रुग्णाने आधी नाक हलकेच शिंकरावे, बसून मान किंचित पुढे झुकवावी. स्प्रेचे टोक थोडेसे आत घालून त्याची दिशा मागे आणि बाहेरच्या बाजूला, म्हणजे त्याच बाजूच्या कानाच्या रोखाने ठेवावी, मधल्या पडद्याकडे मुळीच नको. रुग्ण स्वतः स्प्रे घेत असेल, तर डाव्या नाकपुडीसाठी उजवा हात आणि उजव्या नाकपुडीसाठी डावा हात वापरायला शिकवणे ही सर्वांत सोपी युक्ती होय, कारण हात आडवा आला की टोक आपोआप बाहेरच्या भिंतीकडे वळते. पडद्यावर रोज औषध आदळत राहिले, तर तिथली नाजूक जागा कोरडी पडून रक्त येऊ लागते, आणि मग रुग्ण ‘औषध सोसत नाही’ म्हणून स्प्रे बंद करतो. प्रत्यक्षात दोष औषधाचा नसून दिशेचा असतो. फवारा मारताना श्वास हळूच आत घ्यायचा असतो. जोराने ओढल्यास औषध अस्तरावर न थांबता घशात जाते, आणि औषधाची कडू चव घशात आली की रुग्णाला ते ‘लागू पडले’ असे वाटते, हा गैरसमज दूर करण्याचे कामही शिकवणाऱ्या सिस्टरांचेच आहे.

थेंबांची गोष्ट याहून वेगळी. थेंब गुरुत्वाकर्षणाने जातात, त्यामुळे रुग्णाला उताणे निजवून खांद्याखाली उशी देऊन डोके मागे सोडावे लागते, किंवा कुशीवर निजवून खालच्या बाजूच्या नाकपुडीत थेंब सोडावे लागतात. उभ्या माणसाच्या मान वर केलेल्या नाकात सोडलेले थेंब तळाच्या भिंतीवरून थेट घशात वाहून जातात. थेंब सोडल्यावर दोन-तीन मिनिटे रुग्णाने त्याच स्थितीत राहावे. ड्रॉपरचे टोक नाकाला लागता कामा नये, कारण लागले की बाटलीतले उरलेले औषध दूषित होते. तान्ह्या बाळाच्या बाबतीत ही सारी काळजी दुप्पट होते. पहिल्या काही महिन्यांत बाळ प्रामुख्याने नाकानेच श्वास घेते, आणि चोंदलेल्या नाकाने ते नीट दूधही पिऊ शकत नाही, म्हणून दूध पाजण्याआधी सलाइनचे एक-दोन थेंब सोडणे हा साधा उपाय फार मोलाचा ठरतो. याच ठिकाणी घराघरांतल्या एका जुन्या सवयीचा स्पष्ट उल्लेख करणे भाग आहे. बाळाला न्हाऊ-माखू घालताना नाकात तेल सोडण्याची पद्धत अजूनही अनेक घरांत आहे. तान्ह्या बाळाला तेल घशाशी अडवता येत नाही, तेलामुळे खोकलाही लगेच येत नाही, आणि ते थेट फुप्फुसात उतरून तेलजन्य न्यूमोनिया होऊ शकतो. वैद्याने विधिपूर्वक दिलेले नस्य आणि बाळाच्या नाकात सोडलेले घरचे तेल या दोन गोष्टी एक नव्हेत, हे आजीला दुखावल्याशिवाय समजावून सांगता येणे हेही परिचर्येचे कौशल्यच आहे.

या विषयाचा सर्वांत महत्त्वाचा भाग अपस्माराच्या झटक्यांचा आहे. झटका पाच मिनिटांहून अधिक चालला, तर तो आपोआप थांबण्याची शक्यता कमी होत जाते आणि औषध देणे अपरिहार्य ठरते. पण झटके येत असलेल्या गुटगुटीत मुलाची शीर सापडणे हे अनुभवी हातांनाही जड जाते. पूर्वी अशा वेळी गुदमार्गाने डायझेपाम दिले जाई; ते परिणामकारक आहे, मात्र शाळेत, एस.टी.त किंवा चार लोकांसमोर ते देणे अवघड, आणि मोठ्या मुलाच्या दृष्टीने अपमानकारक. २००० साली ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’मध्ये इस्रायलमधील एक अभ्यास प्रसिद्ध झाला, त्यात तापामुळे झटके आलेल्या मुलांना शिरेतून डायझेपाम किंवा नाकावाटे मिडाझोलॅम दिले गेले. औषध शरीरात गेल्यापासून मोजले, तर शिरेतले औषध किंचित लवकर गुण देत होते. पण मूल रुग्णालयात आल्यापासून मोजले, तर नाकावाटे औषध दिलेल्या मुलांचे झटके सरासरी ६.१ मिनिटांत आणि शिरेतून दिलेल्यांचे ८ मिनिटांत थांबले. ही दोन मिनिटे औषधाने वाचवलेली नाहीत; शीर शोधण्यात जाणारा वेळ वाचला, एवढाच त्यांचा अर्थ. म्हणून परिचारिकेचा हात इथे अडखळला, अ‍ॅटोमायझर कपाटात शोधावा लागला किंवा हिशेब करताना गोंधळ झाला, तर या वाटेचा सारा फायदा तिथेच संपतो.

हिशेब कसा करावा, हे उदाहरणाने पाहणे योग्य होईल. १५ किलो वजनाच्या मुलासाठी डॉक्टरांनी किलोमागे ०.२ मि.ग्रॅ. या प्रमाणात मिडाझोलॅम नाकावाटे देण्यास सांगितले आहे. म्हणजे मात्रा ३ मि.ग्रॅ. झाली. इंजेक्शनचे मिडाझोलॅम बाजारात दोन तीव्रतांत मिळते: एका मि.ली.मध्ये ५ मि.ग्रॅ. आणि एका मि.ली.मध्ये १ मि.ग्रॅ. पहिले हाती आले, तर लागणारा द्रव ०.६ मि.ली., प्रत्येक नाकपुडीत ०.३ मि.ली., अगदी हवा तेवढा. दुसरे हाती आले, तर द्रव ३ मि.ली., प्रत्येक नाकपुडीत दीड मि.ली.; मात्रा कागदावर बरोबर असूनही ते औषध नाकात राहणार नाही, आणि बेशुद्ध मुलाच्या घशात उतरलेला द्रव श्वासाच्या वाटेत जाण्याचा धोका वेगळाच. शिवाय अ‍ॅटोमायझरच्या पोकळीत सुमारे ०.१ मि.ली. औषध अडकून राहते, म्हणून सिरिंजमध्ये ०.७ मि.ली. भरावे लागते: पहिल्या नाकपुडीत दट्ट्या ०.७ वरून ०.३ च्या रेषेवर आणावा, दुसऱ्या नाकपुडीत ०.३ वरून शून्यावर. दट्ट्या झटक्यात दाबला तरच तुषार होतात. हळू दाबला तर धार लागते. तयार स्प्रेची बाटली असेल, तर एका फवाऱ्यात किती मि.ग्रॅ. आहे ते लेबलवर वाचून फवारे मोजावे लागतात, ०.५ मि.ग्रॅ.च्या बाटलीतून ३ मि.ग्रॅ. द्यायला सहा फवारे, आलटून पालटून दोन्ही नाकपुड्यांत. हे औषध आम्लधर्मी असल्याने नाकात झोंबते. जागे मूल रडेल, डोळे चोळील, याची कल्पना आईला आधीच दिलेली बरी. औषध दिल्यावर मुलाला कुशीवर वळवून त्याचा श्वास आणि ऑक्सिजनचे प्रमाण पाहत राहणे, आणि अंबू बॅग हाताशी ठेवणे, हा या कार्यपद्धतीचाच भाग आहे. नाकातून रक्त येत असेल, नाक शेंबडाने पूर्ण भरलेले असेल किंवा डोक्याला मार लागून नाकातून पाण्यासारखा द्राव येत असेल, तर ही वाट सोडून डॉक्टरांना तत्काळ सांगावे.

साधनांच्या वैविध्यामुळे एक धोका नव्याने निर्माण झाला आहे, आणि त्याकडे शिक्षकांचे लक्ष जायला हवे. रोज वापरायच्या स्टेरॉइड स्प्रेची नवी बाटली उघडल्यावर आधी काही फवारे हवेत मारून ती चालू करावी लागते, हे विद्यार्थिनीला शिकवले जाते. पण अफूजन्य औषधांच्या अतिमात्रेवरचे नॅलोक्सोन किंवा रक्तातील साखर धोकादायक उतरल्यावर द्यायचे ३ मि.ग्रॅ. ग्लुकागॉन ही साधने एकाच मात्रेची असतात; सवयीने एकदा हवेत दाबून पाहिले, की मात्रा हवेत गेली आणि रुग्णासाठी काहीच उरले नाही. अमेरिकेत नाकातले ग्लुकागॉन २०१९ पासून मान्य आहे, आणि नॅलोक्सोनचा स्प्रे मार्च २०२३ मध्ये चिठ्ठीशिवाय विकायला परवानगी मिळाली. अशी साधने हाताळताना पहिला नियम म्हणजे आधी लेबल वाचणे.

लसींच्या बाबतीत महाराष्ट्राचा या विषयाशी थेट संबंध आला. ऑगस्ट २००९ मध्ये स्वाइन फ्लूने देशातला पहिला मृत्यू पुण्यात झाला, आणि पुढच्याच वर्षी, जुलै २०१० मध्ये, पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटने त्या आजारावरची नाकावाटे द्यायची जिवंत पण दुर्बल केलेल्या विषाणूची लस बाजारात आणली, अर्धा मि.ली. द्रव, प्रत्येक नाकपुडीत पाव मि.ली. त्यानंतर कोविडवरची भारत बायोटेकची नाकातली लस सप्टेंबर २०२२ मध्ये मान्य होऊन २६ जानेवारी २०२३ ला उपलब्ध झाली; ती प्रत्येक नाकपुडीत चार थेंब अशी द्यायची होती. विषाणू ज्या दारातून शिरतो त्याच दाराशी प्रतिकारशक्ती उभी करावी, हे या लसींमागचे तत्त्व. सुई नाही म्हणून ती कोणीही द्यावी असा मात्र त्याचा अर्थ होत नाही; शिंक आली आणि लस बाहेर पडली तर काय करायचे, हे लसीसोबतच्या माहितीपत्रकात वाचून ठेवण्याची जबाबदारी लस देणाऱ्या सिस्टरांची असते.

आता प्रत्यक्ष प्रशिक्षणाविषयी. वर्गात फळ्यावर नाकाचे चित्र काढून हे कौशल्य येत नाही. टीपकागदावर एकदा ड्रॉपरने आणि एकदा अ‍ॅटोमायझरने रंगीत पाणी टाकून पाहिले, म्हणजे ओघळ आणि तुषार यांतला फरक विद्यार्थिनीच्या कायमचा लक्षात राहतो. त्यानंतर पुतळ्यावर दिशा आणि वेग यांचा सराव, आणि मग शिक्षिकेच्या देखरेखीखाली, परस्परांच्या संमतीने, एकमेकींच्या नाकात नुसत्या सलाइनचा फवारा. नाकात द्रव गेल्यावर कसे वाटते हे जिने स्वतः अनुभवले आहे, ती रुग्णाला ‘काही होत नाही’ असे म्हणणार नाही. योग्य रुग्ण, योग्य औषध, योग्य मात्रा, योग्य मार्ग, योग्य वेळ ही पाच सूत्रे प्रत्येक विद्यार्थिनी म्हणून दाखवते. नाकाच्या बाबतीत त्यांना तीव्रता आणि द्रवाचे आकारमान या दोन गोष्टी जोडाव्या लागतात, आणि परीक्षेत त्या तोंडी विचारण्याऐवजी सिरिंज भरायला लावून तपासाव्या लागतात. घड्याळ लावून तपासाव्यात, हे अधिक बरे. शिवाय हा सराव एकदाच करून भागत नाही, कारण वॉर्डात अशी वेळ क्वचित येते, आणि क्वचित येणाऱ्या वेळेसाठीच हात तयार ठेवायचा असतो.

या प्रशिक्षणाचा शेवटचा टप्पा परिचारिकेच्या हातून दुसऱ्याच्या हातात जातो. अपस्मार असलेले मूल घरी जाते, आणि पुढचा झटका रात्री दोन वाजता, गाव रुग्णालयापासून दूर असताना येऊ शकतो. त्या वेळी स्प्रे आईला द्यावा लागणार असतो. डिस्चार्जच्या गडबडीत बाटली हातात देऊन ‘फिट आली की मारा’ एवढे सांगणे हे शिक्षण नव्हे. आईने सिस्टरांसमोर रिकाम्या साधनाने स्वतः करून दाखवावे, किती फवारे आणि किती वेळाने दवाखान्यात आणायचे हे स्वतःच्या शब्दांत सांगावे, आणि मगच केसपेपरवर तशी नोंद व्हावी.

या विवेचनाच्या वाचकांत वॉर्डाच्या इन्चार्ज सिस्टर असतील, तर त्यांना एक विनंती आहे. आजच्या ड्यूटीत इमर्जन्सी ट्रॉलीचा कप्पा उघडून पाहावा, एका मि.ली.त ५ मि.ग्रॅ. आणि १ मि.ग्रॅ. असलेले मिडाझोलॅम एकाच खान्यात असेल, तर ते वेगळे करून ठळक चिठ्ठ्या लावाव्यात, आणि अ‍ॅटोमायझर ५ मि.ग्रॅ.च्या खान्यातच, सिरिंजला लागून ठेवावा.